आईच्या हातचं मलम

आमच्या घरात औषध कधी एकट्याचं नसायचं. माझ्या खोकल्याची बाटली बाबा संपवायचे, बाबांच्या गुडघ्याचं तेल आई पाठीला चोळायची. मांजर आली तेव्हा तीही याच कायद्यात बसली. आई जाऊन आता वर्ष होत आलंय. डोकं दुखलं की अजून वाटतं, ती कुठलं तरी भलतंच औषध घेऊन येईल. यावं तिनं, मी निमूट लावून घेईन.

एकदा बोक्याशी भांडून मांजरीनं पाठीला जखम करून घेतली. आईनं स्वतःच्या दाढेचं, जागा बधिर करणारं मलम काढलं.

"मले लावलं की आराम पडते, तिले काहून नाही पडणार?"

मलाही ते पटलं. याच घरात वाढलो ना!

मांजरीनं मलम चाटूनपुसून साफ केलं. थोड्याच वेळात ती झोकांड्या खायला लागली, तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली. हिरड्या मातकट निळ्या पडल्या. तिला पदरात गुंडाळून आई ऑटोत बसली. सदर बाजारात ऑटो अडकला, तशी ती बाहेर डोकं काढून ओरडली, "हटो ना भैया, मेरी पोट्टी मर रही है!"

जनावरांच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. "ये दवा बिल्ली के लिए ज़हर है, माताजी," ते हळूच म्हणाले. या औषधानं तिचं रक्त अंगाला ऑक्सिजन पोचवेनासं झालं होतं.

मांजर वाचली. घरी आल्यावर ती सवयीनं आईच्या मांडीवर चढायला गेली, तर आईनं पाय आखडून घेतले. त्या दिवसापासून तिनं मांजरीला हात लावला नाही. लांबून गप्पा मारायची, दूध मात्र मला ठेवायला सांगायची. मला भयंकर राग यायचा.

"आई, तिच्या मनात काही नाही गं," मी एकदा चिडून म्हटलं.

"तिले काही समजलंच नाही रे. म्हणून तं मले भेव वाटते."

पुढे आईनं अंथरूण धरलं. एका दुपारी मांजर पलंगावर चढली, आईच्या तळव्याखाली डोकं सारून झोपली. मला वाटलं, आता हात बाजूला होईल. पण आईची बोटं हळूहळू तिच्या कानामागे फिरायला लागली.

मी दारात उभा होतो. मला त्या मांजरीचा हेवा वाटला. अजून वाटतो.