उघडं डोकं

माझे वडील, म्हणजे आमचे नाना, रुमालाशिवाय कधी घराबाहेर पडले नाहीत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. माझ्या उंचीहून लांब, पांढरा, सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेला कपडा, डोक्याला गुंडाळायचा. शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. तिथे टोपी घालणारे वेगळे आणि रुमाल बांधणारे वेगळे, आणि नाना टोपीवाल्यांना मनातून कच्चे समजायचे. टोपीत पाणी गाळता येतं का, हा त्यांचा ठरलेला सवाल होता. डोंगरात निघाले की त्या एका कपड्यावर त्यांचा सगळा संसार चाले. झळा लागल्या तर तोंडाला, मधमाश्या उठल्या तर सगळ्या अंगावर, दुपारी झाडाखाली उशाला, आणि येताना चारोळ्या-टेंभरांचं गाठोडं. झऱ्याचं पाणी खोल गेलं असेल तर तांब्याला बांधून खाली सोडायला दोरीही तीच. मी म्हणायचे, नाना, एक दिवस ह्याला फोडणी देऊन भाकरीबरोबर खाल. ते हसायचे. वरून सांगायचे की लेकीला जळगावचं पाणी लागलं.

पण ह्या रुमालाचा एक नियम होता. घरात, जेवताना, झोपताना डोकं उघडं असलं तर कुणी काही म्हणत नसे. रस्त्याने मात्र उघड्या डोक्याने येणारा म्हातारा माणूस स्मशानातूनच येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळायचं. नानांना असं येताना मी एकदाच पाहिलं होतं, आई गेली त्या दिवशी. बाकी जन्मभर त्यांच्या डोक्यावरचे केस बाहेरच्या माणसाला दिसले नसतील.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. मी तेव्हा जळगावात पिंप्राळ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला घेऊन माहेरी गेले होते. लेक बालवाडीत होती. उन्हाचं मला आधीपासून भय; तिच्यासाठी जळगावच्या बाजारातून इलॅस्टिकवाली कापडी टोपी आणली होती. नानांनी ती टोपी बोटावर फिरवून पाहिली आणि परत दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा आणि नात डोंगरातल्या देवीच्या ठाण्याला निघाले. देवीजवळ एक झरा आहे, तो तिला बघायचा होता. ऊन चढायच्या आत परत या, असं मी नानांना तीनतीनदा बजावलं. ते म्हणाले, "हाव व माय, हाव."

ऊन चढलं, ते आले नाहीत. जेवणवेळ झाली, आमरस तसाच झाकून ठेवला. बाहेर झळा सुटल्या होत्या. ओट्याच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. वाऱ्याने कपाशीच्या मोकळ्या रानातून धूळ उठायची आणि दर वेळी मला वाटायचं, आले. घरात मी आणि काकू दोघीच. काकूचा स्वभाव बोलका, पण त्या दिवशी ती मुकाट्याने तांदूळ निवडत होती, आणि निवडलेलेच परत निवडत होती. भीतीचं असं असतं, की आपल्या भीतीला आपण समजावू शकतो, पण शेजारचं माणूसही घाबरलंय हे दिसलं की धीर सुटतो.

आमचं घर गावाच्या टोकाला. ओट्यावरून डोंगराकडची वाट लांबवर दिसते. काकूनेच आधी पाहिलं. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"नाना येई ऱ्हायनात," ती म्हणाली. मग आवाज बदलून, "डोकं उघडं शे व माय."

मी पाहिलं. वाटेवर नाना एकटे होते. त्यांच्या बाजूला पोरगी नव्हती, बोट धरलेलं कुणी नव्हतं. डोकं उघडं, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते. काकूने कपाळावर हात मारून हंबरडा फोडला. शेजारच्या दोन बाया धावत आल्या, त्यांनी वाटेकडे पाहिलं आणि कुणाला काही न विचारता त्याही रडायला लागल्या. मी रडले की ओरडले, मला आठवत नाही. एवढं आठवतं की आमचा आवाज त्या वाटेवर पोचला, नाना जागच्या जागी थांबले, आणि मग मटकन मातीत बसले.

मग उरलंच काय होतं? माझ्या मनातला शेवटचा धागाही तिथे तुटला. मी अनवाणी धावत सुटले. तापलेल्या मातीने पाय भाजत असतील, मला काही कळत नव्हतं.

जवळ गेले तेव्हा दिसलं, की नानांच्या पाठीला पांढऱ्या कपड्यात काहीतरी बांधलं आहे. तो त्यांचा रुमाल होता. पायापासून डोक्यापर्यंत, तोंडावरूनसुद्धा घेतलेला. आमच्याकडे माणसाला पांढऱ्यात कधी गुंडाळतात हे मला सांगायला कुणी नको होतं.

नानांनी मान वळवली नाही. समोर बघत म्हणाले, "जित्ती शे का व माय?"

ते मला विचारत होते. मी त्यांच्या छातीवरची गाठ सोडायला बसले, पण घामाने आवळलेली गाठ सुटेना. कपड्यावरून हात लावला तर अंग गरम लागलं. पण वैशाखात दगडही गरम असतो, त्यावरून काय कळणार? शेवटी दातांनी गाठ सोडवली, नानांच्या पाठीवरून पोरीला खाली घेतलं, तोंडावरचा कपडा काढला. डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. मी तिच्या गालावर चापट मारली, जरा जोरातच. तिने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. एवढं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

घरी आणून तिला थंड पाण्याने पुसलं, तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. दिवस कलायला लागला तेव्हा ती झोपली, आणि मग नाना तुकड्यातुकड्यांनी बोलले. टोपी वाऱ्याने दरीत उडवली. ठाण्याजवळचा झरा आटलेला होता, म्हणून पाण्यासाठी आणखी वर जावं लागलं. उतरताना पोरीला उलटी झाली आणि तिने मान टाकली. त्यांनी रुमाल पाण्यात भिजवला, तिला पुरती गुंडाळली आणि पाठीला बांधली. आधी ती कण्हत होती, मग गप्प झाली. हाका मारल्या तर ओ देईना. सोडून बघावं तर एकट्याला परत बांधता येणार नाही. आणि बघायची हिंमतही झाली नाही. तसेच चालत आले.

"तुम्ही रडाले लाग्यात," नाना म्हणाले. "तिनी मान मना खांदावर व्हती. माले वाटनं, पोर गयी, ते तुमले दिखनं."

काकूने पदर तोंडाला लावला. "आम्ही तं तुमनं डोकं देखं, नाना," ती म्हणाली.

नानांचा हात डोक्याकडे गेला. आपलं डोकं उघडं आहे हे त्यांच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. रुमाल पोरीच्या अंगावर होता. तो काढायला मी हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि तसेच बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

संध्याकाळची वेळ, शेतातून माणसं परतत होती. जो तो आमच्या ओट्यापाशी थबकायचा, नानांकडे बघायचा, स्वतःची टोपी नाहीतर रुमाल काढायला हात वर न्यायचा आणि हळूच विचारायचा, कोण गेलं.

"कोनी नही," नाना सांगायचे. "बठ्ठा जित्ता शेतस."

सगळे जिवंत आहेत, हे आत मला ऐकू यायचं, आणि दर वेळी मी उठून पोरीच्या नाकापाशी बोट धरून बघत होते.