तिथीची पाऊणपट

दादाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "बाबा महिनाभर तुझ्याकडे आहेत, तर नीट बघ. डोकं शाबूत असेल तर गावी एकटे राहू देत. नसेल तर मी घराला कुलूप लावून त्यांना इकडे आणतो." बाबांनी म्हणे गावी दोनदा गॅस चालू ठेवला होता. आता मी काय डॉक्टर आहे? ऑफिसात पाइपांची क्वालिटी तपासते, माणसांची नाही. पण एकदा बघायला लागलं की "माझा चष्मा कुठंय?" हेसुद्धा संशयास्पद वाटतं. आणि घराला कुलूप लागलं तर बाबा सहा महिने काढणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

इथे आखातात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. आयुष्य कोकणातल्या खाडीवर गरवण्यात गेलेलं. गळाला कोळंबी लावायची, दोरी टाकायची आणि गप्प बसायचं. म्हणून मी त्यांना दर शनिवारी गाडीत घालून उम्म अल कुवैनच्या खाडीवर न्यायला लागले.

बाबांचा नियम एकच. भरती पुरी होऊन पाणी उलटलं की गोबरा मासा गळाला लागतो. भरती पुरी कधी होणार? तर तिथीची पाऊणपट करायची. पहिल्या शनिवारी सप्तमी होती. "साताची पाऊणपट सव्वापाच," बाबा ऐटीत म्हणाले. सव्वापाच वाजले, साडेपाच वाजले, पाणी आपलं चढतंच आहे. बाबांनी बोटांवर मोजलं. मग परत मोजलं. "यल्ला बाबा, चला घरी," म्हणत मी त्यांना उठवलं.

पुढच्या शनिवारी चतुर्दशी, म्हणजे सकाळी साडेदहा. पुन्हा तेच. "काय गो बाय, आज तिथी कुठली?" "चतुर्दशीच, बाबा. किती वेळा विचारणार? साधं गणित ते!" बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी दोरी गुंडाळायला घेतली. माझा राग कुणावर होता, देव जाणे. दादावर असावा.

तिसऱ्या शनिवारी वद्य षष्ठी, साडेचार. साडेचारला पाणी चढतंच होतं. बाबा खाली मान घालून बसले. मी चिडून मोबाइलवर भरतीच्या वेळा काढल्या. आधीच्या दोन शनिवारच्याही बघितल्या. तिन्ही वेळा बाबांची वेळ तासाभराने चुकली होती. तिन्ही वेळा, साधारण तेवढ्याच तासाभराने! अगं बाई! डोकं बिघडलेल्या माणसाची चूक अशी शिस्तीत येते होय? तपासणीत पाइपांचा एक अख्खा लॉट सारखाच आखूड निघाला, तर आम्ही कामगाराला नाही, मोजपट्टीला धरतो. बाबांची मोजपट्टी कोकणातल्या खाडीची होती. हा समुद्रच वेगळा.

"बाबा, एक तास थांबू."

"कशाला?"

"थांबा म्हणते ना."

तासाभराने पाणी थबकलं आणि उलटलं. दहा मिनिटांत दोरी ताणली. दीड हात लांबीचा गोबरा, ज्याला इथले लोक हमूर म्हणतात. मी लहान मुलीसारखी ओरडले. बाबा वाळूत मटकन बसले आणि रडायला लागले. "मला वाटलं, गेलं माझं डोकं," ते म्हणाले. मी त्यांना जवळ घेतलं. दादाला काय सांगायचं, ते तिथेच ठरवून टाकलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "माझं गणित बरोबर होतं ना गो?"

"अगदी बरोबर. समुद्र वेगळा आहे."

"वा!" ते हसले. पेट्रोल पंपावर पुन्हा, "माझं गणित बरोबर होतं ना गो?" मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसंच, पहिल्यांदा ऐकल्यासारखं "वा!" म्हणाले. मग सिग्नलला. मग पुलाखाली. शब्द तेच, हसू तेच. आनंद झालेला माणूसही तेच तेच विचारतो की. विचारतो ना? मला काही कळेना.

घराजवळ दादाचा फोन वाजला.

"उचल," बाबा म्हणाले. "त्याला सांग, मी नापास झालो नाही." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी फोनकडे हात नेला, तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"माझं गणित बरोबर होतं ना गो?"