वनमालेचा कोरा ट्रॅक

आमच्या वैदर्भीय कुटुंब मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत, एकशे बाराव्या पानावर, ठराव क्रमांक चार म्हणून पुढील वाक्य नोंदलेले आहे : ‘रेकॉर्डिस्ट श्रीमती वनमाला बावणे यांच्या निष्काळजीपणामुळे श्रीमती शांताबाई येळेकर यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण नष्ट झाले.’ वाक्य शुद्ध आहे, अक्षर वळणदार आहे, आणि मजकूर धादांत खोटा आहे. अक्षर माझे आहे. अकरा वर्षे मी या मंडळाचा सचिव आहे, आणि या अकरा वर्षांत वहीत एकही खाडाखोड झालेली नाही, याचा मला परवापर्यंत अभिमान होता. आता त्या अभिमानाचा संताप येतो.

वनमाला कोण, हे आधी सांगतो, कारण ठराव संमत करणाऱ्या एकवीस जणांपैकी सतरा जणांना ती ठाऊकच नव्हती.

तिचे वडील मारोती बावणे गोंदियाहून इकडे रायपूरला, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात आले आणि पुरानी बस्तीत दोन खोल्यांत राहिले. मी शाळेत शिक्षक होतो आणि वनमाला चौथीत माझ्या वर्गात होती. अभ्यासात बेताची, अक्षर वाईट. पण भाद्रपदी पौर्णिमेला घरोघर भुलाबाई बसली की साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुली तिला आपल्या घोळक्यात ओढत. आमच्याकडे प्रथा अशी, की टिपऱ्यांवर गाणी म्हणून झाली म्हणजे यजमानीण झाकलेला डबा हलवून दाखवते आणि आतली खिरापत मुलींनी ओळखायची. इतर मुली नावांची सरबत्ती लावत. वनमाला डोळे मिटून एकदाच ऐके आणि सांगे, ‘फुटाणे आहेत, पण खाली दोन-चार बत्ताशेबी आहेत.’ ते खरे निघे. एका वर्षी माझ्या पत्नीने मुद्दाम डब्यात कापूस भरून वर मुरमुरे घातले. वनमाला म्हणाली, ‘काकू, तुम्ही अर्धा डबा लपवून राहिल्या.’

हाच कान पुढे तिची भाकरी झाला. शंकर नगरातल्या एका स्टुडिओत ती टेपच्या काळात मदतनीस म्हणून लागली आणि टेप जाऊन चोवीस ट्रॅकचे डिजिटल यंत्र आले तेव्हा त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. आज तिचे वय चोपन्न आहे. सगळे शहर संगणकावर गेले. ती त्या यंत्रावरच राहिली. त्याला प्रत्येक ट्रॅकसाठी एक बटण आहे. बटण दाबले की लाल दिवा लागतो, म्हणजे त्या ट्रॅकवर आता नवे ध्वनिमुद्रण होणार आणि जुने असेल ते पुसले जाणार. गाणे संपले की वनमाला प्रत्येक दिव्यावर बोट ठेवून तो विझवते आणि ‘विझला’ असे तोंडाने म्हणते. गायक हसतात. ती त्यांच्याकडे पाहत नाही.

तिची आणखी एक रीत आहे, आणि सगळा अनर्थ तिच्यापाशी येऊन थांबतो. रोज सकाळी, कोणी गाण्यापूर्वी, ती सर्वांना गप्प बसवते आणि पहिल्या ट्रॅकवर एक मिनिट नुसती खोली मुद्रित करते. दोन कडव्यांमध्ये कोणी खोकले, तर तो खोकला काढून तिथे त्याच खोलीची शांतता जोडावी लागते. दुसऱ्या खोलीची चालत नाही, कानाला ठिगळ कळते. बटणांखाली ती कागदी चिकटपट्टी लावते आणि कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते पेन्सिलीने लिहिते. पहिल्या ट्रॅकखाली मात्र काही लिहीत नाही. ती जागा कोरी असते.

यंदा मंडळाने भुलाबाईची गाणी मुद्रित करून ठेवण्याचे ठरवले. आमच्यांत ती पुरती येणारी एकच व्यक्ती उरली आहे, चौऱ्याऐंशी वर्षांच्या शांताबाई. त्यांच्या आईने रचलेले एक गाणे तर दुसऱ्या कोणालाच येत नाही. भुलाबाई रेल्वेत बसून माहेराहून सासरी येते. आमगाव, सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, कुम्हारी, अशी एकेका स्थानकावर एकेक मैत्रीण तिला भेटायला येते, आणि रायपूरला उतरते तेव्हा ओटीत मावत नाही इतके वाण झालेले असते. विदर्भातून इकडे आलेल्या आमच्या बायकांचा सगळा इतिहास एवढाच आहे आणि तो एका म्हातारीच्या घशात आहे.

शांताबाईंचा एक नेम आहे. भुलाबाईचे गाणे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतच म्हणायचे. कोजागिरी झाली की पुढल्या भाद्रपदापर्यंत एक ओळ नाही. अठरा गाणी व्यवस्थित झाली. रेल्वेचे गाणे राहिले, ते कोजागिरीच्या दिवशी सकाळी घेण्याचे ठरले.

मंडळाचे सांस्कृतिक प्रमुख यशदीप नाकाडे. वय एकेचाळीस, नव्या राजधानीतल्या एका संस्थेत मोठे अधिकारी. मराठी समजते, उत्तर हिंदीत देतात. त्यांना या गाण्याला मागाहून वाद्यमेळ जोडायचा होता आणि त्यासाठी लय काटेकोर हवी होती. म्हणून त्यांनी शांताबाईंच्या कानांवर हेडफोन चढवायला लावले आणि त्यात घड्याळासारखी टकटक सोडली. शांताबाई तीनदा सुरू झाल्या, तीनदा सालेकशाच्या पुढे अडखळल्या. यशदीप म्हणत राहिले, ‘आंटी, बस टिक-टिक के साथ चलिए.’

शांताबाई शेवटी म्हणाल्या, ‘बाबू, दरेकशाच्या घाटात गाडी हळू होते. हे तुह्यं टकटक घाटात हळू काहून नाही होत?’

वनमाला खुर्चीवरून उठली, आत गेली, म्हातारीच्या कानांवरचे हेडफोन काढून तिने खुंटीला लावले आणि यशदीप यांना काचेच्या अलीकडे बसायला सांगितले. मग गाणे झाले. पावणेसात मिनिटे. घाटात लय संथ झाली, डोंगरगड ओलांडल्यावर सुटली, आणि कुम्हारीला टिपऱ्या धरून साथ करणाऱ्या त्यांच्या सुनेला पदर डोळ्यांना लावावा लागला. वनमालेने तिन्ही दिवे विझवले, तीनदा ‘विझला’ म्हणाली आणि शांताबाईंचा हात धरून त्यांना जिन्यावरून खाली ऑटोत बसवायला गेली. सून मागोमाग गेली. खोलीत यशदीप आणि मी असे दोघेच राहिलो.

यापुढचे मी क्रमाने लिहितो.

वनमालेची पट्टी घामाने आणि पेन्सिलीने मळली होती, अक्षरे पुसट होती, आणि पहिलीच जागा रिकामी सोडलेली होती. तिची रीत तेव्हा मला ठाऊक नव्हती, मला ते अनवधान वाटले. मी घरून स्वच्छ पट्टी आणली होती. जुनी काढली आणि शाईने नवी लिहून लावली : एक, टिपऱ्या, दोन, साथ, तीन, शांताबाई, चार, रिकामा. यशदीप यांना वाद्यमेळासाठी ती टकटक शेवटी मुद्रित करून घ्यायचीच होती. वनमाला येईपर्यंत थांबावे असे त्यांना वाटले नाही. कोणता ट्रॅक मोकळा आहे, असे त्यांनी विचारले. मी पट्टी वाचून सांगितले, ‘चौथा.’

त्यांनी चौथे बटण दाबले. लाल दिवा लागला. पावणेसात मिनिटे आम्ही दोघे त्या दिव्याकडे पाहत बसलो.

नंतर त्यांनी ऐकून पाहिले, तर टिपऱ्या होत्या, साथ होती, आणि मध्ये शांताबाईंच्या जागी टकटक. यशदीप यांनी फोन अडकला म्हणजे आपण जे करतो तेच केले. भिंतीवरचा खटका बंद करून यंत्र पुन्हा सुरू केले. ‘आ जाएगा, सर,’ म्हणाले. आले नाही.

वनमाला परतली. तिने ऐकले. तिचा पहिला प्रश्न कोणी दाबले हा नव्हता. ती म्हणाली, ‘बंद कोणं केलं?’ हे यंत्र एक पाऊल मागे जाऊ शकते, चुकून पुसलेले परत आणू शकते. पण तोवरच, जोवर त्याची वीज गेलेली नाही. यशदीप म्हणाले, ‘दीदी, अपने आप बंद हो गया.’ मी तेथे उभा होतो. वनमालेने माझी नवी पट्टी उपसून काढली, क्षणभर पाहिली आणि पर्समध्ये टाकली.

आता टिपऱ्यांच्या माइकमध्ये शांताबाईंचा आवाज दुरून ऐकू येतो, शेजारच्या घरात कोणी गात असल्यासारखा. गावांची नावे कळत नाहीत. त्याच दुपारी त्यांना पुन्हा आणायला माणूस पाठवला. पण घसा बसला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून नेम.

रविवारी मंडळाची सभा झाली. यशदीप यांनी सांगितले, की रेकॉर्डिस्ट यंत्र उघडे टाकून निघून गेल्या. चोवीस वर्षांत त्या खुर्चीवरून एकही गाणे न गमावलेल्या बाईविषयी एका वाक्यात निकाल लागला. अध्यक्षा शर्मिष्ठाबाई म्हणाल्या की झाले ते वाईट झाले, पण नोंद असावी. मी नोंद केली. खाडाखोड एकही झाली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

ठरावाची प्रत स्टुडिओचे मालक गौतमभैया यांच्याकडे गेली. त्यांनी वनमालेला सांगितले, की दोष तुमचा नाही असे मंडळाने सांगितले तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर या खुर्चीवर संगणकवाला बसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली. बसली नाही. दोन पट्ट्या तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तिची मी केरात टाकलेली, तीही तिने उचलून आणली होती.

‘सर, तुमचं अक्षर मी चौथीपासून ओळखते,’ ती म्हणाली. ‘माही पट्टी पाहा. पयली जागा कोरी. मंग टिपऱ्या दोनवर, सुनेची साथ तीनवर, शांताबाई चारवर. तुम्ही कोरी जागा खाल्ली आणि साऱ्यायले एक एक घर अलीकडं सरकवलं.’

मी दोन्ही पट्ट्या पाहिल्या. ते खरे होते. माझ्या तोंडून निघाले, की पहिल्या जागी तिने काही लिहिले असते तर हे टळले असते.

‘शांततेले काय नाव देऊ?’ तिने विचारले. ‘आणि ते जाऊ द्या. चुकीनं पट्टी बदलली, ते मी सोडलं असतं. तुम्ही यशदीपभैयाले खटका बंद करताना पाहिलं. मंग वहीत माहं नाव काहून लिहिलं?’

चाळीस वर्षे मी मुलांना कोपऱ्यात उभे करून हाच प्रश्न विचारत आलो होतो.

मी विशेष सभा बोलावली. दोन्ही पट्ट्या दाखवल्या, खटक्याचे सांगितले, ठराव मागे घेण्याची सूचना मांडली. यशदीप हसून म्हणाले, ‘सर, जाने दीजिए ना, छोटी सी बात है.’ कोणी म्हणाले, सरांचे वय झाले. शर्मिष्ठाबाईंचे म्हणणे पडले, की एका बाहेरच्या कामवाल्या बाईसाठी मंडळातल्या माणसाचा अपमान बरा नव्हे. बाहेरची! जिच्या कानाने यांच्याच घरांतले डबे ओळखले गेले, ती बाहेरची. आणि घाटात गाडी हळू होते हे ज्याला ठाऊक नाही तो घरचा. सूचना पंधरा विरुद्ध सहा मतांनी फेटाळली गेली. मी ते मतदान वहीत नोंदवले, त्याखाली लाल शाईने ठराव क्रमांक चार असत्य असल्याचे लिहून सही केली, आणि वही शर्मिष्ठाबाईंच्या हातात देऊन सचिवपद सोडले.

मग घरी निवेदन लिहून मी स्टुडिओत गेलो. गौतमभैयांनी ते वाचले आणि अदबीने म्हणाले, की हा कागद आपला एकट्याचा आहे. ठराव सगळ्यांनी ऐकला, याला कोण वाचणार? वनमालेने कागद त्यांच्या हातातून घेतला.

‘मंडळाचे लोक वाचत नाहीत, सर. ऐकतात,’ ती म्हणाली. ‘आत जा. माइकसमोर बसा. मंडळाच्या साऱ्या घरी फोनवर जाईल.’

मी काचेच्या आत बसलो. तिने हात वर केला. एक मिनिट कोणी बोलले नाही. नंतर लाल दिवा लागला आणि मी वाचले. मी, वासुदेव पांडुरंग देशकर, जाहीर करतो की चिकटपट्टी मी बदलली, चौथा ट्रॅक मोकळा असल्याचे मी सांगितले, यशदीप नाकाडे यांनी बटण दाबले व खटका बंद केला, ते मी पाहिले, आणि हे ठाऊक असूनही श्रीमती वनमाला बावणे यांच्या नावावर खोटी नोंद मी केली.

काचेपलीकडून तिचा आवाज आला. ‘पुन्हा वाचा. खोट्या नोंदीपाशी आवाज खाली गेला.’

मी पुन्हा वाचले. तिने पुन्हा हात वर केला. तिसऱ्या वेळी मी ते वाक्य मुलांना शुद्धलेखन सांगावे तसे, एकेक शब्द सुटा करून वाचले. ती खुर्चीवर मागे टेकली, दिव्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, ‘विझला.’ आभार मानले नाहीत. मानायचे कारणही नव्हते.

गौतमभैया दारात उभे राहून सगळे ऐकत होते. त्यांनी दिवाळीत इकडच्या बायका म्हणतात त्या गाण्यांचे विचारले, ‘दीदी, सुआ-गीतवाली बहनों को कल दस बजे बुला लूँ?’

‘साडेनऊले,’ वनमाला म्हणाली आणि यंत्राखाली नवी पट्टी चिकटवू लागली. पहिली जागा तिने कोरी सोडली. मी पाहत होतो, हे तिला ठाऊक होते.