लोखंडी रिमचं शेवटचं गिऱ्हाईक

पिरंगुटच्या बाजारात कोंडाजीला छेडायचं असलं, तर त्याच्या सायकल दुकानापाशी नव्या रिमचं कौतुक करायचं. म्हातारा पान्यासकट उठलाच म्हणून समजा.

"लोखंडाला मरान न्हाई! खड्ड्यात वाकलं तर ठोकून सरळ व्हतं. तुमचं अ‍ॅल्युमिनियम चिरलं की भंगारात!"

यात खोटं काही नव्हतं. पण लोखंडी रिमचं क्रोम मुळशीच्या पावसात सोलवटतं, ओलं झालं की ब्रेक घसरतो, आणि जरा रस्ता खराब लागला की चाक डुलायला लागतं, एवढं मात्र कोंडाजी बेमालूम गिळायचा. नवी अ‍ॅल्युमिनियमची दुपदरी रिम असले खड्डे खाऊनही सरळ राहते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

समोरच्या चहावाल्या रत्नाबाईनं कारण कधीच ओळखलं होतं. "बाबा चाकाचा डुल पुरता काढतच न्हाई," ती सांगायची. "वाईच ठेवतो. मानूस परत याया नको?"

बायको गंगूबाई गेल्यापासून घरात कोंडाजीशी बोलणारं कुणी नव्हतं. लेक अपेक्षा जांब्याला राहायची. दिवाळीला यायची आणि मोबाइलमध्ये बघत फराळ करायची. उरला वाल्मीक, कारखान्याचा वॉचमन. त्याची लोखंडी रिम दर शनिवारी डुलायची. कोंडाजी चाकाची एकेक तार आवळायचा, वाल्मीक दुकानापुढच्या फळकुटावर बसून कुणी जमीन विकली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, ते सांगायचा. काम दहा मिनिटांचं, बैठक दुपार उलटेस्तोवर.

एका शनिवारी वाल्मीक चकचकीत नवी रिम घेऊन आला.

"ही चढव. शंभू म्हनतो, बाबा, घाटाच्या उताराला जुनं चाक दगा देईल."

"पोरगा लई शाना झाला तुजा."

"बापावर न्हाई गेला, म्हनून."

कोंडाजी हसला नाही. जुन्या तारा सोडवून त्यानं नवी रिम बांधायला घेतली. शेवटच्या चार तारा राहिल्या तेव्हा तारा आवळायची चावी हातात थबकली. जरा ढिल्या सोडल्या, की चाक डुलणार आणि वाल्मीक फळकुटावर हजर. रत्नाबाई किटली धरून टक लावून बघत होती.

वाल्मीक आपल्याच नादात होता. "परवा उतारावर ब्रेकच लागंना. कठड्याला जाऊन टेकलो, तवा थांबलो. घरी सांगितलं न्हाई."

कोंडाजीनं चारही तारा आवळल्या. चाक फिरवलं. केसभरही डुललं नाही.

"किती टिकंल?"

"तुज्यापेक्षा जास्त."

"म्हंजे आता शनवारची खेप वाचली!"

"हवा भराया येत जा की," कोंडाजी चावी पुसत म्हणाला.

"शंभूनं पंप बी मागवलाय."

वाल्मीक टांग टाकून निघाला. जुन्या रिमसारखा चाकाचा खडखडाट नव्हता, त्यामुळं वळणापर्यंत तो कोंडाजीला नुसता दिसत राहिला.