लिफ्टमधली सून

घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरमधल्या एका काकूंना निवृत्तीनंतर कथा लिहायचा नाद लागला. पण लिहिण्याआधीच त्या सगळी कथा सांगून टाकायच्या. लिफ्टच्या दारात भाजीची पिशवी ठेवून म्हणायच्या, "अगं, दोनच मिनिटं, ऐक ना!" लिफ्ट कोकलत राहायची. आणि एकदा सांगून झालं, की त्यांचा लिहायचा उत्साहच संपायचा.

घर सोडून गेलेल्या एका सुनेची गोष्ट परवा रंगात आली आणि काकू एकदम थांबल्या.

"नाही सांगणार. ही मला लिहायचीय."

पिशवी उचलून त्या निघाल्या. मीच लिफ्टच्या दारात पाय घातला.

"काकू, ती परत येते का, तेवढं तरी सांगा!"

"वाचशील गं," म्हणाल्या आणि त्यांनी घराचं दार लावून घेतलं.

लिफ्ट माझ्यावर कोकलत होती.