खोलीवाल्यांचा डॉक्टर

आमच्या ह्यांच्या हाताला गुण होता, पण तोंड म्हणून नव्हतं. डॉक्टरकीच्या धंद्यात हातावर रोगी जगतो आणि तोंडावर डॉक्टर, हे मला लग्नानंतर वर्षभरात कळलं. ह्यांना ते कधीच कळलं नाही.

महाडात तेव्हा नावाजलेला असा एकच दवाखाना होता. एल.सी.पी.एस. झाल्याबरोबर हे तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली लागले. पगार बेताचा आणि काम दोघांचं. गळू कापायचं ह्यांनी, अडलेल्या बाईला सोडवायला जायचं ह्यांनी, मिक्श्चर ढवळायचं तेही वेळ पडली तर ह्यांनीच. मोठे डॉक्टर खुर्चीत बसून नाडी बघत आणि आसपासच्या गावांतल्या खोतांशी गप्पा मारत. खोत म्हणजे गावाची जमीन ज्यांच्या ताब्यात ते. कुळातलं कोणी आजारी पडलं की खोत सांगत, "महाडला मोठ्या डॉक्टरकडे न्या." डोली निघायची ती थेट दवाखान्याच्या दारात. दवाखाना असा चालायचा.

त्या दिवसांत ह्यांना सरकारी दवाखान्यातली जागा चालून आली होती. ठरलेला पगार, राहायला घर, म्हातारपणी पेन्शन. मी म्हटलं, डोळे मिटून घ्या. हे म्हणाले, नको. कारण मोठ्या डॉक्टरांना मुलगा नव्हता, एकच मुलगी होती, आणि ते चारचौघांत ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "माझ्यामागे सगळं हाच बघणार."

"लिहून दिलंय का त्यांनी?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी चपला घालून देवळात शिरले होते. "दसऱ्याला पाटावर कोण बसतं?" एवढंच म्हणाले.

ते मात्र खरं होतं. दसऱ्याला दवाखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. चौरंगावर लाल कापड घालून त्यावर कात्र्या, चिमटे, स्टेथास्कोप मांडायचे, झेंडूची फुलं वाहायची. पूजेला बसायचं मालकानं. मोठ्या डॉक्टरांचे गुडघे धरले तेव्हापासून त्यांनी ह्यांना पाटावर बसवायला सुरुवात केली होती. सगळ्या गावानं ते पाहिलं आणि समजायचं ते समजलं. आमच्याकडे वारस असाच जाहीर होतो, कागद वगैरे मागाहून. तेव्हा मीही गप्प बसले. सरकारी जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

मग मोठ्या डॉक्टरांच्या मुलीचं लग्न झालं. जावई मुंबईचे, डॉक्टरच. पुढच्या दसऱ्याला मी नवं लुगडं नेसून पूजेला गेले, तर पाटावर जावई बसलेले. मोठ्या डॉक्टरांनी ह्यांच्या हातात आपट्याच्या पानांचं तबक दिलं आणि म्हणाले, "तू जरा लोकांना सोनं वाट."

आणि ह्यांनी वाटलं. काय सांगू तुम्हाला. एकेकापुढे वाकून वाटलं. वाटत वाटत माझ्यापर्यंत आले आणि मलाही पान दिलं.

गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण लोक रोग्यांच्या नावानं सांगतात. आमच्या बाबतीत ती वैद्यानंच वैद्याला लावली होती. घरी येऊन मी म्हटलं, "तबक तिथल्या तिथे खाली ठेवता आलं नाही?"

"सणाच्या दिवशी तमाशा कशाला?" हे म्हणाले आणि कोट खुंटीला लावला.

भीड ही भिकेची बहीण. ह्यांच्या भिडेपायी आमची सरकारी जागा गेली, उमेदीची वर्षं गेली, आणि आता आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला होता. माझं डोकं असं तापलं होतं, की रात्रीचा भात करपला तरी मला वास आला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी शांतपणे ठरवलं. हा दवाखाना ओस पाडायचा. मला दुसरं काही नको होतं. लोक म्हणतात, सूड घेऊन काय मिळतं? ज्यांनी घेतला नाही ते म्हणतात.

घरखर्चातून मी लग्नापासून थोडं थोडं बाजूला काढत आले होते. त्यात पाटल्या मोडून घातल्या आणि पोलादपुरात रस्त्यालगत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पोलादपूरच का? तर डोंगरावरच्या वाड्यांतून महाडला जाणारी बहुतेक माणसं तिथूनच खाली उतरायची. तिथून महाड म्हणजे आणखी चांगली तंगडतोड. आजारी माणसाला खांद्यावरून तेवढं पुढे कोण नेईल, असा माझा हिशेब.

हिशेब साफ चुकला. आमच्या दारावरून डोल्या जायच्या आणि थांबायच्या नाहीत. हे ओटीवर बसून बघायचे, मी खिडकीतून. उरलेसुरले पैसेही संपत आले. हे एकदा म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांना भेटून बघू का?" मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

उमज पडली ती एका म्हातारीमुळे. ती वरच्या वाडीतली, म्हशी राखायची, दर बाजाराला लोणी घेऊन यायची. तिच्या सुनेला ताप होता आणि ती तिला महाडला न्यायला निघाली होती. मी तिला अडवून विचारलं, "अगं, इथे डॉक्टर असताना पुढे कशाला जातेस?"

"बाय, मी कोन ठरवनार?" ती म्हणाली. "पैकं धाडतात ते मुंबैवालं. खोलीवालं सांगतील तिकडं जायाचा. ते म्हनतात म्हाड, तर म्हाड."

"खोत नाही का सांगत?"

"खोताच्या तोंडाला कोन लागतो गो आता? त्याचा आयकतात, करतात खोलीवाल्यांचा."

मी तिला बसवून घेतलं आणि सगळं विचारून काढलं. त्या वाड्यांत घरटी एक-दोन तरी पुरुष मुंबईच्या गिरणीत असायचे. एका गावचे सगळे मिळून एक खोली भाड्यानं घेत. तिला म्हणत गावकीची खोली. पाळीपाळीनं तिथे झोपायचं, आपापली ट्रंक भिंतीला लावायची, वर्गणी भरायची. गावच्या देवळाची कौलं बदलायची का, भांडणात कोणाचं खरं, सगळं तिथे ठरे. मोठे डॉक्टर इतकी वर्षं खोतांच्या पाठीवर हात फिरवत होते आणि गाव कधीच लालबागेत राहायला गेलं होतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता मला होतं.

मी ह्यांना घेऊन मुंबईला निघाले. सावित्रीतून होडी, पुढे बाणकोटहून आगबोट. म्हातारीच्या वाडीवाल्यांच्या खोलीत बाईमाणूस जात नसे, आमच्यासारख्या घरातलं तर नाहीच. मी गेले आणि त्यांनी पुढे केलेला चहाही घेतला. चहा घेतला तेव्हा माणसं जरा सैल झाली. मग मी बोलले. म्हटलं, तुम्ही इथून दर महिन्याला वर्गणी काढता, तीत घरामागे थोडी भर घाला. ती आम्हाला पोचली की वर्षभर तुमच्या वाडीतलं कोणीही आजारी पडलं तरी घरच्या बायकांना पैशाची जुळवाजुळव करायला नको, कोणापुढे हात पसरायला नको. तुमच्या मागे तुमची माणसं आम्ही बघतो.

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. मुकादम होता त्यानं विचारलं, "म्हाडचा डागदर कधी वर चढला नाय. आमचीच मानसं डोली खाली आनतात. तुम्ही चढाल काय?"

"चढेन," हे म्हणाले.

"पावसात?"

"पावसातही."

ह्यांच्या तोंडून इतका चटकन होकार मी त्याआधी ऐकला नव्हता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

शिमग्याला मुंबईवाले गावी आले. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसली, गावकी जमली, आणि सगळ्यांसमोर ठरलं की आजाराला पोलादपूरच्या डॉक्टरकडे जायचं. ते ऐकून पलीकडच्या गावानं निरोप धाडला. मग कशेडीकडच्या वाड्या आल्या. हे खरोखरच चढायचे, भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. अंगाला चिकटलेल्या जळवा मी मीठ लावून काढायची. दर महिन्याला मुंबईहून ठरलेले पैसे यायचे. सरकारी डॉक्टरलाही मिळत नसेल अशी सोय मी करून दिली होती. आमच्या दारातून पुढे जाणाऱ्या डोल्या हळूहळू थांबल्या.

मी मुद्दाम महाडच्या बाजाराला जायची. भाजी पोलादपुरातही मिळे, पण मला त्या दवाखान्यावरून जायचं असायचं. बाकड्यांवर कोणी नाही, जावई वर्तमानपत्र वाचतायत, कंपाउंडर दारात उभा. मी सावकाश चालायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही गेले. मोठ्या डॉक्टरांच्या बायकोनं कुंकू लावता लावता विचारलं, "तुमचं बरं चाललंय म्हणे?" म्हटलं, "तुमचाच आशीर्वाद." त्यांचा हात थांबला. त्या दिवशी मी परत येताना रस्ताभर हसत होते.

मग एक दिवस मोठे डॉक्टर स्वतःच मोटार करून पोलादपूरला आले. थकले होते. ओटीवर बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "जावयाचं तिथे मन रमत नाही. तू परत ये. दवाखाना तुझ्या नावावर करतो. या वेळी कागद करून आणलाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, झालं गेलं विसरून जा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. हे तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, "महाडचा दवाखाना घेऊन आम्ही काय करू? तिथे येतं कोण?"

मोठे डॉक्टर उठले. कागद कोटाच्या खिशात परत गेला. त्यांना मोटारीत चढायला हे हात द्यायला धावले. मी चहाचं आधण ठेवलंच नव्हतं.

मोटार गेल्यावर हे बराच वेळ रस्त्यावर उभे होते. आत आले आणि म्हणाले, "मला हवा होता गं तो दवाखाना. पहिल्यापासून तेवढाच हवा होता."

"ठाऊक आहे."

"मग मला बोलू का नाही दिलंस?"

"कारण तुम्ही हो म्हणाला असतात," मी म्हटलं, "आणि वर त्यांचे आभार मानले असतेत."

ह्यांनी बॅग उचलली आणि वरच्या वाडीला निघून गेले. पुढच्या वर्षी महाडच्या त्या दवाखान्याला कुलूप लागल्याची बातमी आली. त्या दिवशी मी पुरण घातलं. हे जेवायला बसले, वरणभात खाल्ला, ताक प्यायले आणि पुरणपोळी पानात तशीच ठेवून उठले. मी ती उचलून खाल्ली. छान झाली होती.