झिजलेला चेहरा

संग्रहालयातल्या त्या दालनात दुपारी फारसं कोणी नसतं. काचेच्या पेटीत पार्वतीची ब्राँझची मूर्ती आहे, हातभर उंचीची, आठ-नऊशे वर्षांपूर्वीची. मी समोरच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा एक वयस्कर जोडपं आलं. काकांना दिसत नव्हतं. काकू त्यांना मूर्ती कशी आहे ते सांगू लागल्या.

“कमरेत जराशी वाकून उभी आहे. डावा हात सैल सोडलाय. उजव्या हाताची बोटं अशी आहेत, थांबा.” त्यांनी काकांचा हात उचलला आणि एकेक बोट वळवून तशीच मुद्रा करून दिली.

“काय धरलंय हातात?”

“आता काहीच नाही. पूजेत होती तेव्हा रोज ताजं फूल ठेवत असतील.”

काका हात तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, “आणि चेहरा?”

काकू काचेजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या. “चेहरा पार झिजलाय हो. नाक-डोळे काही कळत नाहीत.”

“म्हणजे तुलाही माझ्याइतकंच दिसतंय,” काका हसले. काकूही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

ते गेल्यावर मी त्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तो कोणी बिघडवला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या रोज सकाळी कुणीतरी त्याला न्हाऊ घातलं होतं, चंदन लावलं होतं, मायेने पुसलं होतं. त्या हातांना तो झिजतोय हे कधी जाणवलंही नसेल. रोज जवळ असणाऱ्यांना ती शेवटपर्यंत नाकीडोळी नीटसच दिसत राहिली असेल.